पोरं वाढवणं म्हणजे चळवळीतून रजा नव्हे

आपल्या चळवळीत एक वाक्य फार सहज बोलले जाते. 'लग्न झालं, पोरं झाली, संपला कार्यकर्ता.' बोलणारा हसत बोलतो, ऐकणारेही हसतात. बाईबद्दल तर तेवढेही कोणी बोलत नाही. ती बैठकीला येईनाशी होते, मोर्चात दिसत नाही, ग्रुपवर सकाळी फक्त 'जय भीम' टाकते, आणि तिचे येणे थांबले हे वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

या वाक्यामागचे गृहीतक तपासले पाहिजे. चळवळ घराबाहेर असते आणि घरात असतो तो नुसता संसार, असे आपण धरून चाललो आहोत. मोर्चा, व्याख्यान, निवेदन, उपोषण, जयंतीची वर्गणी ही कामे समाजासाठी. पोराचे नाक पुसणे, डबा भरणे, पाढे पाठ करून घेणे, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणे हा ज्याचा त्याचा खासगी मामला. पहिल्या कामांना हार-तुरे आहेत. दुसऱ्या कामांना साधे नावसुद्धा नाही, कोणी विचारले तर बाई म्हणते, 'काही नाही, घरीच असते.'

मला विचाराल तर ही वाटणी आपली नाहीच. ती ज्यांच्याकडून आली त्यांना आपण व्यासपीठावरून रोज शिव्या देतो. शरीराच्या घाणीला हात लावणारे काम हलके आणि ते करणारा माणूसही हलका, हा जातिव्यवस्थेचा पाया आहे. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि त्या विभागणीत वर-खाली अशी उतरंड आहे. आता हा नियम आपल्या घरात लावून बघा. बाळाचे शी-शू काढणे, उलटी पुसणे, लंगोट धुणे हे काम कोण करते? जन्माने ठरलेली एक व्यक्ती करते. तिला ते आवडते का, येते का, थकली आहे का, हे कोणी विचारत नाही. बाई आहे म्हणून तिने करायचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या आजा-पणज्यांना गावाची मेलेली ढोरे ओढायला लावली, त्या घरातल्या तरुणाला स्वतःच्या लेकराचा लंगोट बदलताना कमीपणा वाटत असेल, तर त्याच्या डोक्यातला मनू अजून मेलेला नाही.

आकडे हवेत? २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात हात घालणाऱ्या बाया होत्या १०० मागे ८१, पुरुष १०० मागे २६. त्या बायांचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटे, त्या पुरुषांचा ९७ मिनिटे. मुले, म्हातारे, आजारी यांची देखभाल करणाऱ्यांत बायांचा वेळ १३४ मिनिटे, पुरुषांचा ७६. हे सगळ्या समाजांचे मिळून आकडे आहेत. आपल्या वस्तीत घड्याळ लावून बसलो तर काही वेगळे दिसेल, अशी आशा मला नाही.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते: 'बाबासाहेबांनी तरी घराकडे कुठे पाहिले? ते घर बघत बसले असते तर आपण आज कुठे असतो?' हे उत्तर देणाऱ्या दादांनी बाबासाहेबांचे बालपण पुन्हा एकदा वाचावे. परळच्या डबक चाळीतली ती एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच जाते, जळणाची लाकडे, तिथेच शेळी. अख्ख्या कुटुंबाला पाय पसरायला जागा नाही. तिथे सुभेदार रामजी सकपाळ काय करत? पोराला लवकर झोपवत. स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. मग भीमाला उठवत, तो दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसे, आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर बाप आडवा होई. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून गहाण ठेवत, पेन्शन आली की सोडवून परत देत.

पलटणीतून निवृत्त झालेला सुभेदार, पलटणीच्या शाळेत शिकवलेला माणूस. त्याने आयुष्यात भाषणे किती दिली, अर्जविनंत्या किती केल्या, ते अभ्यासक शोधतील. पण मोजून रात्री दोन वाजता उठवणे, आणि ते एक दिवस नव्हे तर महिनोन्‌महिने, हे काम त्याने केले. त्यात गौरवाचे काही नव्हते. झोपमोड होती. त्या काळात ही कथा कोणी वर्तमानपत्रात छापणार नव्हते. रामजींना तरी कुठे ठाऊक होते की हा पोरगा पुढे कोण होणार आहे?

आणि मीराबाई आठवतात का? रामजींची बहीण, बाबासाहेबांची आत्या. भीमाबाई गेल्या तेव्हा भीम पाच-सहा वर्षांचा. पाठीत बाक असलेल्या या आत्याने आईविना पोरांना न्हाऊमाखू घातले, जेवू घातले, हट्ट पुरवले. तिच्या जयंतीला आपण काही करत नाही. तिची जन्मतारीखसुद्धा आपल्यापाशी नाही. ज्या बाईने बाबासाहेबांना भरवले तिचे नाव दहातल्या आठ कार्यकर्त्यांना सांगता येत नाही, यातच आपण या कामाला काय किंमत देतो ते दिसते.

दुसरे उत्तर थोडे भारदस्त असते: 'सिद्धार्थाने घर सोडले म्हणून बुद्ध झाला.' रात्री, सगळे झोपेत असताना, बायको-मुलाकडे एकदा वळून पाहून निघून जाणारा राजपुत्र आपल्या डोक्यात कॅलेंडरांनी बसवला आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना ही गोष्ट मुद्दाम बाजूला सारली. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यावरून परिव्रज्या घेतो. संघाच्या युद्धाच्या ठरावाला तो विरोध करतो, त्याची किंमत म्हणून देश सोडणे पत्करतो. आणि तो चोरून जात नाही. आईवडिलांना सांगतो, मग यशोधरेकडे जातो. यशोधरा काय म्हणते ते पान उघडून वाचा. तिचा भावार्थ असा की मीही तुमच्याबरोबर परिव्रज्या घेतली असती, पण राहुलाला सांभाळायचे आहे, एवढ्याच कारणाने मी थांबते आहे.

हे वाक्य मी कित्येक वर्षे नुसते वाचून पुढे जात होते. मला आई झाल्यावर त्यात अडकायला झाले. बाबासाहेबांनी यशोधरेला रडत बसलेली परित्यक्ता केले नाही. तिलाही बाहेरच्या कामाची ओढ होती, तेवढीच लायकी होती, आणि तिने विचार करून एक काम अंगावर घेतले, असे त्यांनी लिहिले. म्हणजे राहुलाला वाढवणे हे परिव्रज्येच्या तोलामोलाचे काम आहे आणि त्यासाठी दोघांमध्ये बोलणे व्हावे लागते, संमती लागते. आता आपले कार्यकर्ते तीन दिवसांच्या शिबिराला निघताना घरी किती बोलतात? पायात चपला घालता घालता 'मी चाललो गं' एवढेच.

बुद्धाने पुढे बाप म्हणून काय केले तेही त्रिपिटकात आहे. मज्झिम निकायात राहुलाला खोटे न बोलण्याविषयी केलेला उपदेश आहे. राहुलाने पाय धुवायला पाणी ठेवलेले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी राहते. तेच भांडे दाखवून बुद्ध समजावतो. जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याच्यातला साधूपणा एवढाच उरतो. मग ते पाणी ओतून टाकतो, भांडे पालथे करतो, पुन्हा दाखवतो. पाय धुवायचे भांडे! धम्म शिकवायला त्याला त्या क्षणी पोथी लागली नाही, सभामंडप लागला नाही. अशोकाने आपल्या बैराटच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी जी थोडी सुत्ते नावानिशी सांगितली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे.

आपल्या घरात असे भांडे रोज समोर येते. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत सकाळी सातला मी मुलीची वेणी घालत होते. ती चौथीत होती. खाली शाळेची रिक्षा हॉर्न देत होती. तेवढ्यात बाईसाहेबांनी विचारले, 'आई, आपल्याकडे गणपती का नाही बसत? वर्गातल्या मुली म्हणतात, तुमच्याकडे देवच नाहीत.'

या प्रश्नावर मी व्यासपीठावर तासभर बोलू शकते. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत. पण हातात रिबीन आहे, रिक्षावाला ओरडतो आहे आणि समोर नऊ वर्षांचे पोर आहे, ज्याला पंधरा मिनिटांनी त्याच मुलींच्या शेजारी बाकावर बसायचे आहे. 'गप्प बस, उशीर होतोय' म्हटले तर तिला कळणार की या विषयात काहीतरी लपवण्यासारखे आहे. 'त्यांचे देव खोटे' म्हटले तर ती तेच वर्गात जाऊन सांगणार आणि रडत घरी येणार. मी म्हटले, 'आपण बुद्धांना मानतो. ते देव नव्हते, माणूस होते. माणसाने स्वतः विचार करावा असं सांगायचे. आपण बुद्धपौर्णिमेला खीर करतो ना, तेव्हा तुझ्या मैत्रिणींना बोलाव. आणि त्यांनी मोदक दिला तर खा, मोदक चांगला लागतो.' ती जिना उतरता उतरता म्हणाली, 'मग आपण कोण?' म्हटले, संध्याकाळी सांगते.

संध्याकाळी सांगायला घेतले ते तीन संध्याकाळी चालले. एक दिवस तिच्या वडिलांनी महाडचे पाणी सांगितले, बटाट्याची भाजी निवडत, की चिरत, असो. चवदार तळ्यावर माणसे पाणी प्यायली, म्हणजे नेमके काय झाले हे तिला समजेना. 'पाणीच तर प्यायले, त्यात काय?' हा तिचा प्रश्न. मला त्या प्रश्नाचा आनंदच झाला. २० मार्च १९२७ ला जे करायला हजारो माणसे जमावी लागली, ते आज एका पोरीला 'त्यात काय' वाटते. पण 'त्यात काय' एवढ्यावर तिला सोडले तर उद्या कोणीतरी तिला 'तुमच्या सवलती' म्हणून टोमणा मारेल तेव्हा तिच्याकडे उत्तर नसेल. आणि सगळाच्या सगळा अपमानाचा इतिहास नवव्या वर्षी तिच्या ओंजळीत ओतला तर ती वर्गात जायला घाबरेल. किती सांगायचे, कधी सांगायचे, कुठे थांबायचे, हे रोज ठरवावे लागते. सवर्ण आईबापांना हा हिशोब करावा लागत नाही. आपल्याला करावा लागतो, म्हणूनच आपले पालकत्व नुसते पालकत्व उरत नाही.

आमच्या वस्तीतले एक रिक्षाचालक गृहस्थ कुठल्याही संघटनेत नाहीत. त्यांच्या मुलाच्या वर्गात बाईंनी एकदा जाहीर सांगितले, 'स्कॉलरशिपवाल्यांनी उभे राहा.' सहा-सात पोरे उभी राहिली, बाकीचा वर्ग बघत बसला. मुलाने घरी काहीच सांगितले नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणाला. बापाने दोन दिवस पोटदुखी पाहिली, तिसऱ्या दिवशी रिक्षा बंद ठेवून त्याला शेजारी बसवून घेतले, तेव्हा ते बाहेर आले. बाप शाळेत गेला. आरडाओरड केली नाही. मुख्याध्यापकांना म्हणाला, फॉर्म कार्यालयातून द्या, वर्गात नावे पुकारू नका, आणि हे मला लिहून द्या. मिळाले लिहून. त्या दिवसाची कमाई बुडाली ती बुडालीच. आपण याला आंदोलन म्हणत नाही कारण घोषणा झाल्या नाहीत, फोटो निघाला नाही. मला मात्र तो दिवस कित्येक निवेदनांपेक्षा भारी वाटतो, कारण पुढच्या वर्षीची सहा-सात पोरे वर्गासमोर उभी राहिली नाहीत.

कागदपत्रांचे तर विचारूच नका. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, त्यासाठी आज्याचा शाळेचा दाखला शोधत गावी जाणे, जुन्या रजिस्टरात नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, मग राजपत्र, मग पुन्हा तहसील. आपल्यात मूल वाढवण्याचा हा एक अख्खा विभाग आहे आणि बालसंगोपनाच्या कुठल्याही पुस्तकात त्याच्यावर प्रकरण नाही.

आता एक नाजूक गोष्ट. जात टिकते ती कुठे? बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितले की जातीचे सार जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. आणि ही लग्ने काही मांडवात ठरत नाहीत, ती पोर पाच वर्षांचे असताना जेवणाच्या ताटावर ठरू लागतात. 'त्यांच्याकडे खाऊन आलास?', 'ते आपल्यातले नाहीत', 'मैत्री ठीक आहे, पण...' ही वाक्ये फक्त ब्राह्मणांच्या घरात बोलली जातात असे कोणी समजू नये. आपल्या बौद्ध घरांत मातंगांबद्दल, चर्मकारांबद्दल, वाल्मिकींबद्दल काय बोलले जाते ते पोरे ऐकत असतात. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली सोफ्यावर पोटजातीचा हिशोब. जातिअंताचे भाषण बाप चौकात करतो. जात मात्र घरात सरकते, भरवताना, झोपवताना, लग्नपत्रिका वाचताना. ती तिथेच अडवता येते. ते अडवायला घरात माणूस हजर लागतो.

म्हणूनच मला आईपणाच्या महतीची भाषा नको आहे. रमाईची जयंती आली, ७ फेब्रुवारी, की व्याख्याते सुरू होतात: माउलीचा त्याग, माउलीच्या गोवऱ्या, माउलीचे फाटके लुगडे. सभागृहातल्या बाया डोळे पुसतात आणि पुरुष मान डोलावतात. मग घरी जाऊन तोच पुरुष बायकोला म्हणतो, 'बघ रमाईने किती सोसलं.' रमाईला बायकोच्या डोक्यावर मारायची काठी करू नका. रमाईची चार मुले गेली. १६ ऑगस्ट १९२६ रोजी दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी राजरत्नच्या मृत्यूने आपण आणि पत्नी कसे खचलो ते लिहिले आहे, तीन मुलगे आणि एक मुलगी पुरल्याचे लिहिले आहे. त्या पत्रातला बाप दुःखाने मोडलेला आहे, त्यागाने फुशारलेला नाही. गरिबीने आणि उपचाराअभावी पोरे जाणे ही पूजा करण्याची गोष्ट नाही, ती पुन्हा कोणाच्याही घरात होऊ नये यासाठी लढायची गोष्ट आहे. आणि त्यासाठी बाबासाहेब लढलेही.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या बायांच्या प्रसूती लाभाचे विधेयक होते. बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारने मोठ्या प्रमाणात उचलावा, आणि बाईच्या श्रमातून फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायदा १९२९ मध्ये झाला. पोर वाढवणे हे एकट्या आईचे खासगी काम नव्हे, समाजाचे काम आहे, ही भूमिका शंभर वर्षांपूर्वी विधिमंडळात मांडली गेली, तीही राजरत्न गेल्यावर दोन वर्षांनी. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायांना सांगितले, मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका, आणि नवऱ्याच्या शेजारी मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, दासी होऊ नका. आपण पहिली वाक्ये बायांना ऐकवतो. शेवटचे वाक्य पुरुषांसाठी होते, ते मात्र गाळतो.

आज काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. चांगले झाले. पण आपल्या वस्तीतून सकाळी सहाला बाहेर पडणाऱ्या बाया कुठल्या आस्थापनेत मोडतात? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला २६ आठवडे कोण देणार? नाक्यावर उभी राहणारी, कंत्राटी सफाई कामगार, वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेली. ती दुसऱ्याचे पोर सांभाळायला जाते, त्याला वेळेवर दूध पाजते, बागेत नेते, आणि तिचे स्वतःचे पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. ती आठ वर्षांची बहीण शाळेतून गळते. अंगणवाड्या १९७५ मध्ये सुरू झाल्या, पण अंगणवाडी सेविकेला आजही कर्मचारी न मानता मानधनावर राबवले जाते, कारण पोरे सांभाळणे हे 'काम' नाही असे सरकारलाही वाटते. आपल्या दादांना वाटते तसेच. या बाबतीत मंत्रालय आणि आपली कार्यकारिणी यांचे एकमत आहे.

माझ्या या मांडणीवर एक आक्षेप तरुण मैत्रिणी घेतात आणि तो मला रास्त वाटतो. त्या म्हणतात, ताई, तुम्ही पालकत्वाला चळवळ म्हणाल तर उद्या आम्हाला मूल हवेच, असे सगळे म्हणतील. तसे अजिबात नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंना पोटचे मूल नव्हते. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगमध्ये याच यशवंताच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका महार मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि त्यांनाच लागण झाली, १० मार्चला त्या गेल्या. पोर कोणाचे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला नाही. सांभाळण्याचे काम रक्ताच्या नात्याला बांधलेले नाही. ज्यांना मूल नाही, नको आहे, त्यांच्याही वाट्याला वस्तीतली पोरे आहेतच.

उलट टोकही आपल्याकडे आहे. पोराला 'प्रोजेक्ट' करणारे आईबाप. पहिलीपासून 'तुला कलेक्टर व्हायचंय', पंच्याण्णव टक्के पडले की 'पाच कुठे गेले?' बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे हे सांगून सातवीतल्या पोराचे क्रिकेट बंद करणारे. त्यांचा धसका मला समजतो, शिक्षणाशिवाय आपल्याला दुसरी जमीन नाही. पण आपल्या आज्यांना बालपण मिळाले नाही, बापांना मिळाले नाही. आता जर ते परवडू शकत असेल, तर दुपारभर गल्लीत खेळणारे, नापास होण्याला न भिणारे, आईशी वाद घालणारे पोर हासुद्धा एक मिळवलेला हक्क आहे. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला, डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला. दोघेही शिकलेले, हुशार, घरादाराची आशा असलेले. नुसते शिकवणे पुरेसे नव्हते, तिथल्या छळाला सामोरे जाताना पोराला घरी फोन करून 'मला इथे नको वाटतंय' म्हणता येणे, आणि घरून 'ये परत, आपण बघू' असे उत्तर मिळणे, याचीही तयारी लहानपणापासून करावी लागते. मी त्या दोन आयांवर हे बोट ठेवत नाही. दोष छळणाऱ्यांचा आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्यांचा आहे. शिवणयंत्रावर पोरे वाढवलेल्या राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी २०१९ मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवा म्हणून. स्वतःची पोरे गेल्यावर दुसऱ्यांच्या पोरांसाठी. त्यांना कार्यकर्त्या म्हणायचे की आया, हा प्रश्न कोणाला पडत असेल तर त्याने वरचे सगळे पुन्हा वाचावे.

मग करायचे काय? मोठे काही नाही. आमच्या विहारात गेले वर्षभर रविवारची बैठक रात्री साडेनऊऐवजी सकाळी अकराला होते. मागच्या खोलीत चटई टाकली आहे, तिथे पोरे असतात, आणि त्यांना सांभाळायची पाळी लावली आहे. पाळीत पुरुषच जास्त घातले आहेत, मुद्दाम. पहिल्या दोन रविवारी गोंधळ झाला. एका कार्यकर्त्याने पाऊण तासात तीन वेळा आत येऊन 'वहिनी, हा रडतोय' सांगितले. वहिनींनी तिसऱ्या वेळी मान वर न करता 'मग घ्या ना त्याला' म्हटले आणि ठरावाचा मसुदा लिहीत राहिल्या. आता तोच कार्यकर्ता पोरांना चिखलाचे बैल करायला शिकवतो आणि त्याची पाळी नसताना पोरे त्याला शोधतात. बैठकीला बाया येतात. त्या आल्यापासून अजेंड्यावर अंगणवाडीचे गळके छप्पर आले, रेशनचे दुकान आले, नववीतल्या मुलींची गळती आली. आधी तीन महिने आम्ही मिरवणुकीच्या डीजेवर भांडत होतो.

१४ एप्रिलच्या तयारीची मध्यवर्ती बैठक मात्र यंदाही रात्री साडेनऊलाच ठेवली आहे. वेळ बदला म्हणून पत्र दिले, 'पुढच्या वर्षी बघू' असे उत्तर आले. आमच्या विहारातून आम्ही पाच जणी जाणार आहोत, आणि लेकरे बरोबर नेणार आहोत. त्यांना झोप आली तर ती व्यासपीठाच्या कडेला झोपतील. चटई आम्ही आणू.